पेशंटचा चिडलेला नातेवाईक

माझ्या वर्गात मी कधी कुणावर हात उचलला नाही. हे वाक्य मी पंचवीस वर्षं लोकांना ऐकवत आले आणि ऐकवताना माझी मान जरा ताठच असायची. महाल भागातल्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायच्या. एक चूक, एक फटका. माझ्या शेजारच्या मुलीने एकदा हात मागे ओढला, तर बाईंनी तिची वेणी धरून डोकं फळ्यावर आपटलं, आणि आम्ही बाकीच्या मुली पुढचा धडा मोठ्याने वाचत राहिलो. बाईंचं इंग्रजी उत्तम होतं. माझं चांगलं झालं ते त्यांच्यामुळेच, आणि हे कबूल करताना आजही मला त्यांचा राग येतो.

म्हणून मी खेळ शिकले. एका शिबिरात मला गटात करायच्या ॲक्टिव्हिटी सापडल्या आणि माझं नशीबच उघडलं. वर्तुळात चेंडू फेकायचा, ज्याच्या हातात पडेल त्याने वाक्य बोलायचं. भिंतीवरचा कागद एकाने धावत जाऊन वाचून यायचा आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचा. सगळ्यांचा लाडका खेळ नावांचा. मधला माणूस वर्तमानपत्राची सुरळी घेऊन उभा राहतो, आणि ज्याला दुसऱ्याचं नाव वेळेत सुचलं नाही त्याच्या गुडघ्यावर फटका बसतो. हसून हसून पोट दुखायचं. कागदाच्या सुरळीने कुणाला काय लागतंय, असं मी म्हणायचे.

माझा वर्ग लकडगंजमध्ये, प्लायवूडच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरतो. मागच्या बाजूला लाकूड कापायची आरा मशीन दिवसभर किंचाळत असते, त्यामुळे आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात. मी तर जास्तच. परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सेसची बॅच मी काही वर्षांपासून घेते. ड्यूटी संपवून दुपारी येतात, काही जण नर्सच्या पोशाखातच. मी ज्या बॅचबद्दल सांगतेय तिच्यात अकरा जण होते, आणि त्यातला एक चौघांचा गट माझा खास आवडता होता, कारण त्या चौघांचं एकमेकांशी काहीच जुळत नव्हतं.

एक होती केरळची, पंधरा वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला चेची म्हणतात, म्हणून सगळे तिला चेची म्हणायचे. दुसरी मोमिनपुऱ्यातली, जिभेला हाड नसलेली, मला सुद्धा चिडवून जायची. तिसरा काटोलकडचा, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातला, अंगाने दणकट आणि बोलायला अगदी मऊ. हॉस्पिटलात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, तर आम्हीही त्याला ब्रदरच म्हणायचो. चौथी गडचिरोलीच्या पलीकडच्या गावातली, गोंड घरातली. घरी गोंडी, शाळेत मराठी, नर्सिंगच्या कॉलेजात हिंदी, आणि आता माझ्याकडे इंग्रजी. एवढं करूनही मी तिला मठ्ठ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मनात म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं होतं, बाहेर का जायचंय. घरासाठी, मुलांसाठी, अनुभवासाठी, सगळ्यांची पाठ केलेली उत्तरं आली. गडचिरोलीच्या मुलीची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ शब्द जुळवत उभी राहिली आणि मग म्हणाली, तिथे नर्सला कोणी मारत नाही. वर्ग हसला. तिने ओढणी सारून भुवईवरची खूण दाखवली. एका पेशंटच्या भावाने सलाईनचा स्टँड उचलून डोक्यात घातला होता, सात टाके पडले होते. तिला त्याचं फार दुःख नव्हतं, तिला फक्त तिथून निघायचं होतं. एजन्सीने तिचं नाव एका परदेशी हॉस्पिटलच्या यादीत टाकलं होतं आणि यादीत राहण्यासाठी ही एक परीक्षा पास व्हायची होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भाग एकाच वेळी. तिला कुठे जायचंय आणि कशासाठी, हे त्या दिवसापासून वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आता माझा नियम सांगते. वर्गात फक्त इंग्रजी, हा नियम सगळीकडेच असतो. माझा त्यातला शोध वेगळा होता. कुणाच्या तोंडून दुसऱ्या भाषेतला एक शब्द जरी निघाला, तरी त्याला मी काही बोलायचे नाही. त्याच्या सगळ्या गटाने ॲक्टिव्हिटी पहिल्यापासून सुरू करायची. बस, एवढंच. मग गटच त्याला सरळ करतो. चेची दंडाला चिमटा काढायची, आणि तो चिमटा साधा नसायचा. मोमिनपुऱ्याची बोलणाऱ्याच्या तोंडावर हातच दाबायची. पंधरा दिवसांत लोक आपली भाषा गिळायला शिकायचे. इतर क्लासवाल्यांना मी हा नियम चहा पिताना अभिमानाने सांगत असे.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. बोलण्याच्या भागात आणि नोकरीच्या मुलाखतीतही हमखास विचारतात की पेशंटचा नातेवाईक भडकला तर तुम्ही त्याला कसं शांत कराल, म्हणून मी त्या दिवशी तीच ॲक्टिव्हिटी ठेवली. चिठ्ठ्या टाकल्या. गडचिरोलीची नर्स झाली, चेची वॉर्डची सीनिअर सिस्टर, ब्रदर पेशंटचा चिडलेला नातेवाईक. मोमिनपुऱ्याचीने मोबाइलवर चित्रण करायचं होतं, कारण नंतर ते पाहून आम्ही चुका काढायचो.

ब्रदरने चिठ्ठी उघडली आणि माझ्याजवळ आला. "मॅडम, हे मले नका देऊ. चेचीले द्या," तो हळूच म्हणाला. मी टाळी वाजवली आणि जाहीर केलं की गट सुरू व्हायच्या आधीच एकदा बाद झाला. मग त्याला म्हटलं, जे सांगायचंय ते इंग्रजीत सांग. तो म्हणाला, आय कॅनॉट. का नाही, मी विचारलं. तो चिठ्ठीकडे पाहत राहिला. कारण सांगायला लागणारं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं आणि मराठीचं दार मी लावून घेतलेलं होतं. माझ्या वर्गात चिठ्ठी बदलत नाहीत, असं सांगून मी त्याला पुढे ढकललं. खरंच ढकललं, खांद्याला हात लावून.

पहिल्या फेरीत त्याने जेमतेम आवाज चढवला आणि गडचिरोलीची लगेच "थांबा" म्हणून गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत ती गप्पच उभी राहिली, मान खाली घालून. मी तिच्यावर ओरडले. नंतर कधीतरी तिने सांगितलं की तिच्या घरी मोठं माणूस संतापलं की बाकीचे त्याचं होईपर्यंत बोलत नाहीत, तोंडी लागणं हे फार वाईट समजतात. तेव्हा मला वाटलं की हिला वाक्य येत नाही. तिसऱ्या फेरीत तिने एक वाक्य नीट म्हटलं आणि दुसऱ्याला घसरली, "दादा, ऐकून तर घ्या." पुन्हा पहिल्यापासून. आता बाकीचे गट आपापलं संपवून यांच्याभोवती गोल करून उभे होते आणि कुणीतरी हुर्यो उडवली. चेचीने तिच्या दंडाचं मांस पकडून पिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र ब्रदरच्या मागे लागले. त्याच्यात राग म्हणून काही दिसतच नव्हता. काटोलच्या बाजारात संत्र्यांचा भाव करतोयस की बाप मेलाय तुझा, असं मी त्याला इंग्रजीत विचारलं. सगळे हसले. तो पण हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा थांबला. मला ते दिसलं होतं. मी मनात म्हटलं, चला, आता रंग चढतोय.

चौथ्या फेरीत त्याने समोरची खुर्ची लाथेने उडवली. ती हॉलभर घसरत जाऊन भिंतीला आदळली. मी ओरडले, गुड. त्याने टेबलावरचा स्टीलचा ट्रे हाताने उडवला, त्यातले खडू आणि कात्री लोकांच्या पायांवर पडली. व्हेरी गुड. त्याचं इंग्रजी तुटकंच होतं, माय फादर, यू किल माय फादर, पण आवाज पोटातून येत होता. गडचिरोलीचीने मी पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, सर, आय अंडरस्टँड यू आर अपसेट. तिचं ते म्हणून व्हायच्या आत त्याने तिच्या ड्रेसचा गळा मुठीत धरला आणि तिला मागच्या लोखंडी कपाटावर आपटलं. कपाट दणाणलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "प्लीज स्टॉप." मी टाळ्या वाजवल्या. माझं पाहून सगळ्यांनी वाजवल्या.

मग त्याने उजव्या हाताने तिच्या कानशिलात मारली. डाव्या कानावर, पूर्ण पंजा उघडून. आरा मशीन चालू होती तरी तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तिची मान एकदम वळली, पण गळा त्याच्या मुठीत होता म्हणून ती खाली पडली नाही. ती पुन्हा म्हणाली, "प्लीज स्टॉप. यू आर हर्टिंग मी." हे वाक्य मी कुणालाच शिकवलं नव्हतं. ते तिचं तिने बनवलं होतं, चूक न करता, आणि मला आठवतंय, मला आनंद झाला. पहिल्या दिवसानंतर आज ही स्वतःचं वाक्य बोलली, असं माझ्या मनात आलं.

त्याने दुसऱ्यांदा मारलं तेव्हा चेची किंचाळली. मल्याळममध्ये. मी टेबलावर डस्टर आपटून म्हटलं, इंग्लिश, इंग्लिश प्लीज.

चेचीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आपली स्टीलची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरली आणि ब्रदरच्या कोपरावर घातली, मग खांद्यावर, मग पुन्हा कोपरावर. त्याची मूठ सुटली. गडचिरोलीची कपाटाला घासत खाली बसली. तिने कानाला हात लावला, बोटांकडे पाहिलं आणि ती बोटं पोशाखाच्या पांढऱ्या कापडाला पुसली. तेवढं लाल दिसल्यावर टाळ्या थांबल्या.

ब्रदर भिंतीशी उकिडवा बसला होता आणि त्याचे दात वाजत होते. मी त्याच्या अंगावर धावून गेले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि ते सगळं मराठीत बोलले. तो ऐकत नव्हता. "त्यानं मले असंच धरलं होतं," तो म्हणाला. "पेशंटच्या पोरानं. असंच कपाटाले लावलं, मॅडम. अन् वार्डातले सगळे पाहून राहिले होते." तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट होती. एका म्हाताऱ्याचा आयसीयूत मृत्यू झाला आणि चार जणांनी ब्रदरला बाहेर ओढून लाथा घातल्या. एकाने तर पेनने मांडी भोसकली. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर हजर होता आणि तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात. कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सुरळीचा खेळ चालला होता, त्यात त्याने खूप फटके खाल्ले होते, कारण त्याला त्या दिवशी कुणाचीच नावं आठवत नव्हती.

मी तिला रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, आपोआप भरून येईल, दीड-दोन महिने लागतील, पाणी जाऊ देऊ नका. कसं झालं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मी कपाटावर पडले. मी शेजारीच उभी होते. मला हायसं वाटलं. तसं वाटलं, हे मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

घरी जाऊन मी मोमिनपुऱ्याचीने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तिने खाली काहीच लिहिलं नव्हतं, ती जी एरवी दहा-दहा इमोजी पाठवायची. त्यात मारणाऱ्याचा आवाज फार कमी आहे. सगळा आवाज माझा आहे. गुड, व्हेरी गुड, लाउडर, टाळ्या, डस्टर. आणि गडचिरोलीची प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहतेय. त्याच्याकडे नाही, चेचीकडे नाही. व्हिडिओ पाहताना मला माझीच इतकी किळस आली की मी मोबाइल पलंगावर फेकून दिला. आमच्या बाईंनी निदान पट्टी स्वतःच्या हातात धरली होती.

परीक्षा पुढे ढकलता आली असती, पण एजन्सी म्हणाली, ही यादी या परीक्षेवरच बंद होईल, पुढची कधी निघेल सांगता येत नाही. गडचिरोलीची परीक्षेला बसली. ऐकण्याच्या भागात डोक्याला हेडफोन लावतात आणि प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकवतात. तिच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजत होती. वाचण्यात, लिहिण्यात ती पास झाली. बोलण्यात तिला चेचीपेक्षाही जास्त गुण पडले. ऐकण्यात ती नापास झाली. चेची परदेशी गेली, मोमिनपुऱ्याचीही गेली, यादी बंद झाली. ब्रदरने परीक्षाच दिली नाही. तो रोज तिच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा, शेवटी तिनेच त्याला सांगितलं की माझा तुझ्यावर राग नाही, आता येऊ नको.

निकालानंतर मी तिला भेटायला गेले. ती वॉर्डमधून निघाली होती, हातात डबा. दोन्ही बाजूंनी स्ट्रेचर, नातेवाईक, आरडाओरडा. मी ठरवून गेले होते ते सगळं एका दमात बोलले, की माझ्या घरी ये, रोज येत जा, पुढच्या यादीपर्यंत मी तुझ्याकडून एकेक वाक्य घोटून घेईन, तू फक्त ये. ती शांतपणे ऐकून घेत होती, माझं पूर्ण होईपर्यंत.

"मले इंग्रजी येत होतं, मॅडम," ती म्हणाली. "मी तुमाले पाहून दोन डाव म्हटलं. प्लीज स्टॉप म्हटलं. आनखी कसं म्हणायले पाहिजे होतं?"

मागून कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून ओरडत आलं, संतापलेला माणूस होता, आणि ती एकदम भिंतीला चिकटली. तो माणूस पुढे निघून गेला. मग तिने मान वळवली आणि उजवा कान माझ्याकडे केला, मी काही उत्तर देते का म्हणून.